एक होडी, दोघं आणि एकच रॉड

हॉटेल, स्पा, शॉपिंग या टिपिकल 'कपल ट्रिप'चा कंटाळा आलाय? मग दिवसभर नदीच्या प्रवाहाबरोबर तरंगत जायचं, जमलाच तर एखादा मासा पकडायचा आणि लगेच सोडूनही द्यायचा! अमेरिकेतल्या मोंटाना राज्यात केलेल्या अशाच एका निवांत ट्रिपचं प्लॅनिंग... भांडणांसकट!

''पकडायचा आणि सोडून द्यायचा? मग पकडता कशाला?''

सासूबाईंचा हा प्रश्न इतका बिनतोड होता, की फोनच्या या टोकाला मी आणि नवरा दोघंही गप्प. माझं सासर मालवणचं. बांगडा ताजा आहे की कालचा, हे तिथे लांबूनच डोळे बघून सांगतात. माहेर सदाशिव पेठेतलं, जिथे अंडं हा शब्दसुद्धा जरा हळू आवाजात उच्चारतात. लग्नानंतर चार वर्षांत मी मासे तळायला शिकले, खायला नाही. अशा या मिक्स्ड डबल्सच्या जोडीने थेट अमेरिकेत जाऊन फ्लाय फिशिंग करायचं ठरवल्यावर घरात हसू येणारच होतं.

आयडिया आमची नव्हतीच. नवऱ्याची मामेबहीण, म्हणजे आमची ताई, नवऱ्यासोबत सिअॅटलला असते. दोघंही आयटीत, दोघंही सतत ऑन कॉल. दर उन्हाळ्यात दोघं मोंटानात जाऊन एक दिवस होडीत बसून येतात. ''तिथे फोनला धड रेंज नसते आणि दोन्ही हात रॉडला चिकटलेले असतात, त्यामुळे आम्ही चक्क बोलतो,'' असं ताई म्हणाली. मला ते एकदम पटलं. आमची आधीची ट्रिप होती लडाखची. पाच दिवसांत सात ठिकाणं, हजारेक फोटो आणि परतीच्या विमानात एकमेकांशी अबोला. त्यामुळे २०२४ च्या जूनमध्ये सिअॅटलला जायचं ठरलं, तेव्हा मी एकच अट घातली. ही ट्रिप खरोखर रिलॅक्स्ड हवी!

पण रिलॅक्स्ड ट्रिपचंही प्लॅनिंग लागतं. आणि नवरोबा एक्सेल शीट उघडून बसले, की रिलॅक्स हा शब्द पहिल्या कॉलममध्येच खलास होतो.

नेमकं असतं काय हे?

आधी थोडी ओळख करून घेऊ. कारण फिशिंग म्हटलं, की आपल्या डोळ्यांसमोर गळाला गांडूळ लावून खडकावर बसलेले काका येतात. फ्लाय फिशिंगमध्ये आमिष खरं नसतं. बारीकशा हुकवर पिसं, केस आणि दोरा गुंडाळून पाण्यावरच्या किड्यासारखी दिसणारी 'फ्लाय' बनवतात. ही फ्लाय इतकी हलकी, की दगडासारखी फेकता येतच नाही. म्हणून वजन असतं ते दोरीला. जाड, रंगीत, प्लास्टिकचा थर दिलेली लाइन हवेत मागेपुढे झुलवायची आणि तिच्याबरोबर फ्लाय अलगद पाण्यावर उतरवायची. लाइनच्या टोकाला जवळजवळ न दिसणारा बारीक धागा असतो, त्यामुळे माशाला वाटतं किडाच आलाय.

हे काठावर किंवा उथळ पाण्यात उभं राहूनही करतात. पण कपल्ससाठी बेस्ट म्हणजे 'फ्लोट'. सपाट तळाची, दोन्ही टोकं वर उचललेली 'ड्रिफ्ट बोट' असते. ओरेगन राज्यातल्या मॅकेन्झी नदीवर हा होडीचा प्रकार घडला. मध्ये गाईड वल्ही घेऊन बसतो, पुढच्या टोकाला एक जण, मागच्या टोकाला दुसरा. मोटर नाही. नदी नेईल तसं जायचं. गाईड वल्ही मारतो तीसुद्धा बऱ्याचदा उलटी, म्हणजे होडीचा वेग कमी करायला! वेग कमी करण्यासाठी पैसे देण्याची ही माझी आयुष्यातली पहिलीच वेळ.

रॉबर्ट रेडफर्डचा १९९२ सालचा 'अ रिव्हर रन्स थ्रू इट' पाहिला असेल, तर तरुण ब्रॅड पिट आणि हवेत सोनेरी रेघ काढणारी ती लाइन आठवत असेल. या सिनेमानंतर मोंटानाच्या नद्यांवर हौशी लोकांची रीघच लागली. नॉर्मन मॅक्लीनच्या ज्या पुस्तकावरून तो काढला, त्यातल्या नायकाची सासुरवाडी वुल्फ क्रीक नावाच्या गावात आहे. आमची होडी सुटली ती त्याच गावाच्या अलीकडून.

पाच नद्या की एक?

नवरोबांच्या एक्सेलमध्ये सहा दिवसांत पाच नद्या होत्या. मॅडिसन, गॅलाटिन, यलोस्टोन, ब्लॅकफूट आणि मिसुरी. प्रत्येक नदीसमोर ड्रायव्हिंगचे तास, हॉटेल, 'बॅकअप हॉटेल'. मी म्हटलं, ''अरे, ही नद्यांची परीक्षा आहे का?'' त्यावर ''एवढं तिकीट काढून जातोय तर...'' हे लडाखचं जुनं वाक्य नव्या पॅकिंगमध्ये आलं. 'एवढं तिकीट काढून जातोय तर' हे वाक्य ज्या घरात उच्चारलं जातं, तिथे सुट्टी होत नाही, फक्त वसुली होते.

भांडण मिटवलं ते बर्फाने. मोंटानातल्या बहुतेक नद्या डोंगरातल्या बर्फाच्या पाण्यावर चालतात. मेच्या मध्यापासून जूनच्या अखेरीपर्यंत बर्फ वितळतं आणि नद्या फुगून गढूळ होतात. त्या पाण्यात ना मासा फ्लाय बघू शकत, ना नवख्या माणसाने उतरावं. आमच्या तारखा जूनच्या शेवटच्या आठवड्यातल्या. ताईने सरळ सांगितलं, ''मिसुरी सोडून बाकी सगळं खोड.''

मिसुरीच का? तर तिच्यावर होल्टर नावाचं धरण आहे, १९१८ मध्ये पूर्ण झालेलं. वरून गढूळ पाणी आलं तरी जलाशयात गाळ खाली बसतो आणि धरणाखाली पाणी निघतं ते बरंचसं स्वच्छ, थंड आणि एकसारखं. म्हणून या पट्ट्यात ट्राउट मासे दर मैलाला हजारोंनी आहेत. प्रवाह रुंद आणि शांत. खडकांवर आपटणारं राफ्टिंग वगैरे अजिबात नाही. मला पोहता येत नाही, त्यामुळे माझ्यासाठी निर्णय इथेच झाला. होडीत प्रत्येकासाठी लाइफ जॅकेट असावंच लागतं. बाकीचे तिघं ते सीटखाली टाकून बसले, मी दिवसभर अंगात घालून. फोटोत मी नारंगी भोपळा दिसते, चालेल.

दुसरा मुद्दा महिन्याचा. जून-जुलैत पाण्यावर किडे भरपूर उडतात आणि मासे वर येऊन खातात, ही नवख्यांची चांदी. ऑगस्टमध्ये पाण्यात शेवाळ आणि पाणवनस्पती वाढतात, दर टाकीला फ्लायवरचा हिरवा गुंता सोडवत बसावं लागतं. शिवाय जंगलातल्या वणव्यांचा धूर येऊ शकतो. एप्रिल-मे किंवा ऑक्टोबरमध्ये गर्दी कमी, पण थंडी अशी की बोटं दोरीला गाठ मारू शकत नाहीत. पहिल्या वेळी जाताय तर जूनची अखेर किंवा जुलै, यावर मी ठाम आहे.

बुकिंग, परमिट आणि अनोळखी माणसाला किल्ली

सिअॅटलहून हेलेना हे मोंटानाच्या राजधानीचं शहर गाडीने साधारण ५९० मैल, म्हणजे पूर्ण एक दिवस. विमानही आहे. हेलेनाहून उत्तरेला पाऊण तासावर क्रेग. गाव म्हणावं तर काय, एक रस्ता, एक पूल, थोडी घरं, काही फ्लाय शॉप्स आणि बार. पार्किंगमध्ये गाड्यांपेक्षा होड्या जास्त. राहायला लाकडी केबिन्स मिळतात, पण उन्हाळ्याचं बुकिंग काही महिने आधी करावं लागतं. गाईडचंही तसंच.

पैशांचं सरळ सांगते. गाईड, होडी, रॉड आणि दुपारचं जेवण मिळून पूर्ण दिवसाला साधारण ६५० ते ८०० डॉलर. हा रेट एका होडीचा असतो, माणशी नाही. एका होडीत मासेमारी करणारे दोनच. म्हणजे आम्हा चौघांना दोन होड्या. वर गाईडला टिप, तिकडच्या पद्धतीने वीस टक्क्यांच्या आसपास. महाग आहे, नाही म्हणत नाही. पण चार नद्या खोडल्यामुळे वाचलेले पैसे इथे लागले. फिशिंग लायसन्स प्रत्येकाचं वेगळं, राज्याच्या मत्स्य आणि वन्यजीव खात्याकडून ऑनलाइन मिळतं. नवऱ्याच्या लायसन्सवर बायकोने रॉड धरलेला चालत नाही.

एक गोष्ट मात्र पुणेकर मनाला झेपत नाही. होडी धरणाजवळ पाण्यात सोडायची आणि आठ-नऊ मैल खाली बाहेर काढायची. मग गाडीचं काय? तर 'शटल'वाले असतात. गाडी वर ठेवायची, किल्ली ठरलेल्या जागी सोडायची आणि एक पूर्ण अनोळखी माणूस ती चालवत खाली नेऊन ठेवतो. आमच्या बाबतीत गाईडनेच हे सगळं ठरवलं होतं. तरी मी दोनदा विचारलंच, ''पण पावती वगैरे?''

आणि ही नदी आहे कोणाची, हाही प्रश्न पडला. दोन्ही काठांवर खासगी रँचेस, गुरं, कुंपणं. पण मोंटानात १९८४ च्या सुप्रीम कोर्टाच्या निकालांनंतर १९८५ मध्ये कायदा झाला. भर पाण्याच्या खुणेच्या आत नदी सगळ्यांची. शेजारची जमीन कितीही मोठ्या अब्जाधीशाची असो, तो तुम्हाला नदीतून हाकलू शकत नाही. फक्त नदीपर्यंत पोचायला त्याच्या शेतातून जायचं नाही. सरकारी जागांवरून उतरायचं. या जागांवर साधी टॉयलेट्सही आहेत. मैत्रिणींनो, ही माहिती मी मुद्दाम देतेय, कारण होडीत काही सोय नसते आणि कुठलाही ब्रोशर हे सांगत नाही. गाईडला सकाळीच विचारून ठेवा, की वाटेत थांबे कुठे कुठे आहेत. लाजायचं काय त्यात?

अंगणातली रंगीत तालीम

मोंटानाला निघण्याआधी दोन संध्याकाळी ताईच्या घरामागच्या हिरवळीवर आम्ही सराव केला. हुकऐवजी लोकरीचा तुकडा बांधून. हा खर्च शून्य आणि फायदा सॉलिड. साडेतीनशे किलोमीटर दूरवरून आलेला पाहुणा असो की तेरा हजारांवरून, होडीत बसून पहिल्यांदा रॉड हातात घेतला तर त्याचे पहिले दोन तास गुंते सोडवण्यातच जातात. आणि ते तास डॉलरमध्ये असतात.

नवरोबांनी पहिल्याच झटक्यात क्रिकेटचा पुल शॉट मारला. लाइन त्यांच्याच गळ्यात. ताईने समजावलं, की ताकद नको, थांबणं हवं. घड्याळाचा काटा दहावर आणि दोनवर थांबतो अशी कल्पना करायची. मागे नेलं, थांबलं, लाइन मागे सरळ होऊ दिली, मग पुढे. हे थांबणं मला जमलं, त्याला नाही. ताईने तेव्हा जोन वुल्फचं नाव सांगितलं. या बाईंनी १९५१ मध्ये अमेरिकेतल्या लांब फेकीच्या स्पर्धेत सगळ्या पुरुषांना हरवलं होतं. त्यांचे पती ली वुल्फ यांनी पकडलेला मासा सोडून देण्याचा विचार १९३९ पासून लिहून मांडला. दोघांनी मिळून न्यूयॉर्क राज्यात फ्लाय फिशिंगची शाळाही काढली. असं ऐकलं, की 'कपल गोल्स' वगैरे शब्द जरा खरे वाटतात.

केळ्याची भानगड

सकाळी साडेसातला आम्ही धरणाखाली हजर. वाऱ्याला बोचरी थंडी. दुपारी टी-शर्टवर येऊ, हे माहीत असूनही तीन थर घातलेले. गाईड चाळिशीतला, उन्हाने रापलेला, मोजकं बोलणारा. त्याने आधी सगळ्यांचे गॉगल तपासले. पोलराइज्ड काच असली की पाण्याच्या चकाकीखालचं दिसतं, आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे उडणारा हुक डोळ्यात जात नाही. मग माझ्या पिशवीकडे बघून विचारलं, ''केळी आहेत का?''

होती की! तीन. प्रवासात केळी आणि चिवडा नसेल तर मराठी माणूस निघतो कसा? गाईडने अगदी गंभीर चेहऱ्याने ती काढून ट्रकच्या टपावर ठेवली. मासेमारीच्या होडीत केळं अपशकुनी मानतात म्हणे. जिथे आपण मांजर आडवं गेल्यावर हसणाऱ्यांत मोडतो, तिथे कार्बन फायबरचा रॉड वापरणारा हा माणूस केळ्याला घाबरत होता. मला त्याच्याबद्दल एकदम आपुलकी वाटली.

आणि मग त्याने बॉम्ब टाकला. ''सकाळी नवरा-बायको एका होडीत नकोत.''

त्याचं म्हणणं असं, की शिकताना नवरा बायकोला शिकवायला जातो किंवा बायको नवऱ्याच्या चुका मोजते, आणि गाईडला मध्ये बसून दोन्ही ऐकावं लागतं. दोन तास वेगवेगळे बसा, जेवणानंतर जागा बदला. म्हणून मी आणि ताई एका होडीत, दोन्ही पुरुष दुसऱ्या. कपल ट्रिपची सुरुवात घटस्फोटाने!

पण काय सांगू, तो माणूस बरोबर होता. पहिला अर्धा तास मी फक्त बघत होते. दोन्ही बाजूंना पिवळसर खडकांचे कडे, मध्ये हिरवं-निळं पाणी, तळाच्या वनस्पती वाऱ्यातल्या केसांसारख्या हलणाऱ्या. डोक्यावर एक मोठा पांढऱ्या डोक्याचा गरुड. १८०५ च्या जुलैमध्ये लुइस आणि क्लार्क यांची मोहीम याच पाण्यातून उलट दिशेने, प्रवाहाविरुद्ध होड्या ओढत गेली होती. आम्ही मात्र काहीच करत नव्हतो.

नवख्यांसाठी गाईडने सोपी पद्धत लावली. पाण्याखाली बुडणारी फ्लाय आणि वर छोटा रंगीत तरंगता मणी. लांब फेकायची गरजच नाही. मणी होडीबरोबर तरंगत ठेवायचा आणि बुडाला की रॉड उचलायचा. मात्र लाइनला प्रवाहाने ओढलं, की मणी पळायला लागतो आणि माशाला संशय येतो. म्हणून दर थोड्या वेळाने लाइनचा फुगवटा उचलून प्रवाहाच्या वरच्या बाजूला टाकायचा. याला 'मेंड' म्हणतात. मेंड म्हणजे दुरुस्ती. गाईड दिवसभर तेवढा एकच शब्द म्हणत होता. मेंड. मेंड. पुन्हा मेंड.

साडेनऊच्या सुमारास मणी बुडाला. मी रॉड उचलला आणि हातात जे आलं ते शब्दांत सांगणं कठीण आहे. दोरीच्या दुसऱ्या टोकाला कोणीतरी होतं. रीळ किरकिरली, पंचवीस-तीस फुटांवर एक चंदेरी मासा हवेत गेला आणि मी किंचाळले. ''रीळ सोड, पळू दे!'' गाईड ओरडला. तो पळाला की सोडायचं, थांबला की ओढायचं. तीनेक मिनिटांनी तो रबरी जाळीत आला. रेनबो ट्राउट, सतरा इंच, अंगावर गुलाबी पट्टा. गाईडने सांगितलं, हात आधी पाण्यात ओले कर, कोरड्या हाताने माशाच्या अंगावरचा चिकट थर जातो. मी ओले केले. सदाशिव पेठेतला हात आयुष्यात पहिल्यांदा जिवंत माशाला लागला. थंडगार, आणि आतून धडधडणारा. दहा सेकंद. मग तो गेला.

मला रडू का आलं, मला माहीत नाही. ताईने काही विचारलं नाही, हे बरं केलं.

दुपारची शांतता

जेवण काठावरच्या एका वाळूच्या पट्ट्यावर. गाईडने सँडविच काढले, मी चिवडा. चिवडा आधी संपला. नवरोबांच्या खात्यावर तोपर्यंत चार मासे लागले आणि चारही सुटले होते. मालवणच्या पोराचे चार मासे सुटतात आणि पुण्याच्या बायकोचे तीन जाळीत, हा हिशोब कोणीही मोठ्याने केला नाही. पण तो तिथे आमच्याबरोबर जेवायला बसला होता.

दुपारी आम्ही दोघं एका होडीत आलो. तो पुढे, मी मागे. वाराही वाढला. आणि झालं! दोन लाइन्सचा गुंता एकदा, दोनदा, तीनदा. तिसऱ्या वेळी त्याचा मोठा मासा माझ्या लाइनमुळे सुटला. तो वळून म्हणाला, ''तुला काही काळ नुसतं बसता येत नाही का?'' मीही लडाखपासूनची थकबाकी काढली. गाईडला मराठी येत नव्हतं. पण भांडण कळायला भाषा लागत नाही. तो शांतपणे होडी कडेला घेऊन गेला, नांगर टाकला आणि माझा रॉड काढून घेतला. म्हणाला, ''आता एकच रॉड. एक मासा किंवा वीस मिनिटं, जे आधी होईल ते. मग बदली.''

ट्रिपमधला हा सगळ्यात भारी नियम. एकाने मासा धरायचा, दुसऱ्याला कामच नाही! बसा, पाणी बघा, मणी बुडाला तर ओरडा. त्याची वीस मिनिटं चालू असताना मी पहिल्यांदा त्याच्याकडे नीट बघितलं. खांदे इतके आखडलेले, जणू तो ऑफिसच्या कॉलवर आहे. मी म्हटलं, ''अरे, तू थांबत नाहीस. मागे गेल्यावर थांब.'' तो म्हणाला, ''मला थांबायची भीती वाटते.'' तो लाइनबद्दल बोलत होता की ऑफिसबद्दल, ते मी विचारलं नाही. नंतर, कोणी न विचारता, तो स्वतःच बोलायला लागला. टीममधली कपात, रात्रीचे कॉल्स, गेल्या आठ महिन्यांत मला न सांगितलेलं बरंच काही. पाठमोरा, पाण्याकडे बघत. समोरासमोर बसून हे तो कधीच बोलला नसता. गाईड उलटी वल्ही मारत होता. होडी जवळजवळ थांबलेली.

मणी बुडाला तेव्हा आम्हा दोघांचंही लक्ष नव्हतं. ''मेंड!'' नाही, या वेळी गाईड ''सेट!'' म्हणून ओरडला. नवऱ्याने रॉड उचलला. ब्राऊन ट्राउट, पिवळसर, अंगावर काळे-लाल ठिपके. अठरा-एकोणीस इंच. जाळीत आल्यावर त्याने मालवणी सवयीने आधी डोळे बघितले, मग कल्ले. मग माझ्याकडे बघून म्हणाला, ''ताजा आहे गं.'' आणि सोडून दिला.

तुम्ही जाणार असाल तर बुकिंग करतानाच सांगा, की दुपारी आम्हाला एकच रॉड हवा. गाईडला आश्चर्य वाटणार नाही.

मग पकडता कशाला?

सासूबाईंचा प्रश्न मी गाईडलाही विचारला. नियमांत ठरावीक मासे घरी न्यायची मुभा आहे, पण गाईडच्या होडीत सहसा सगळे सोडतात. तो म्हणाला, की सोडलेल्यातले काही नंतर मरतात, हे खोटं कशाला बोलू? म्हणून हुकचा काटा आधीच पक्कडीने दाबून टाकायचा, माशाला पाण्याबाहेर कमीत कमी ठेवायचं, फोटोसाठी छळायचं नाही. मोंटानात पाणी सलग तीन दिवस ७३ फॅरनहाइटला, म्हणजे साधारण २३ सेल्सियसला पोचलं, की त्या पट्ट्यात दुपारी दोनपासून मध्यरात्रीपर्यंत मासेमारी बंद करता येते. कोमट पाण्यात ऑक्सिजन कमी, त्यात दमलेला मासा जगत नाही. ऑगस्टच्या ट्रिप्स यामुळे अर्ध्यावर येतात, तेही बुकिंगआधी लक्षात घ्या.

आणखी एक गोष्ट त्याच्याकडून कळली. जंगली ट्राउट टिकून असलेल्या नद्यांमध्ये हॅचरीचे मासे सोडणं मोंटानाने १९७४ मध्ये बंद केलं. कारण मॅडिसन नदीवरच्या अभ्यासात दिसलं, की बाहेरून मासे सोडले की नदीतच जन्मलेले कमी होतात. तेव्हा आज जाळीत येतो तो मासा याच नदीत वाढलेला. गंमत म्हणजे रेनबो मूळचा पॅसिफिक किनाऱ्याकडचा आणि ब्राऊन युरोपातला. इथले मूळ रहिवासी म्हणजे कटथ्रोट ट्राउट. दोन्ही पाहुणे कधीच घरचे होऊन बसलेत.

माझं मन या उत्तराने पूर्ण भरलं, असं नाही. खाण्यासाठी मारणं मला परकं आहे, पण खेळण्यासाठी दमवणं मला जास्त सलतं. म्हणून दुसऱ्या दिवशी मी रॉड घेतला नाही. आम्ही हेलेनाजवळच्या 'गेट्स ऑफ द माउंटन्स' या घळीत साध्या टूर बोटीतून फिरलो. लुइसने दिलेलं हे नाव. नवरोबांनी तीन वेळा पाण्याकडे बोट दाखवून ''तिथे असणार'' म्हटलं, तेवढंच.

व्हिसा नको असेल तर

अमेरिका जमणार नसेल, तर आपल्याकडे हिमाचलमधलं तीर्थन खोरं आहे. बंजार, नागिनी, गुशैनी ही नावं लिहून ठेवा. ब्रिटिशांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला कुल्लू भागात ट्राउट आणले, त्यांचे वंशज आजही तिथे आहेत. शेजारचं ग्रेट हिमालयन नॅशनल पार्क २०१४ पासून युनेस्कोच्या यादीत आहे. मासेमारी मार्च ते ऑक्टोबर, थंडीत बंद, परवाना राज्याच्या मत्स्य खात्याचा. पावसाळा टाळा. फक्त तीर्थन उथळ आणि खडकाळ, तिथे ड्रिफ्ट बोट नाही, काठावरून किंवा पाण्यात उभं राहूनच करायचं. जवळ बियासवर राफ्टिंग होतं, पण ते पोटात गोळा आणणारं. निवांत फ्लोट म्हणून कोणी विकलं तर विश्वास ठेवू नका. एकच रॉडचा नियम मात्र तिथेही चालेल.

हेलेनाच्या हॉटेलमधून रात्री दादरला फोन लावला. तिथे सकाळ. सासूबाईंनी पहिलाच प्रश्न विचारला, ''किती मिळाले?''

''सात. तिचे चार, माझे तीन,'' नवरा म्हणाला. मी फोटो पाठवला, अठरा इंची ब्राऊनचा. पलीकडे बराच वेळ शांतता. चष्मा शोधत असणार.

''केवढा मोठा रे! आणि सोडलास?''

''सोडला.''

''बरं,'' त्या म्हणाल्या. मग न राहवून, ''डोळे तरी स्वच्छ होते ना?''